बाबांचं रिव्हॉल्व्हर

नवापूर, रात्री.

बाबांच्या पश्चात रीतसर माझ्या परवान्यावर आलेलं .३२ चं रिव्हॉल्व्हर आज दुरुस्तीला दिलं. घोडा ओढला की चक्र फिरायचं, पण नळीसमोर घट्ट अडकत नव्हतं. गोळीचं घर नळीच्या रेषेत नसेल, तर गोळी कडेला घासते, शिशाचे कण बाजूला उडतात. शेजारच्याचा डोळाही जाईल. बोईसरचा ओळखीचा फिटर म्हणाला, "दादा, तासाभरात करतो." हात कसबी त्याचा, पण १९५९ च्या शस्त्र कायद्याने दुरुस्तीलाही परवाना लागतो. म्हणून मुंबईच्या परवानाधारक कारागिराकडे गेलो. त्याने झिजलेला खटका दाखवला, पावती दिली.

कपाटात फडकं आणि तेलाची बाटली तशीच आहे. खाऱ्या हवेने गंज चढू नये म्हणून बाबा रिव्हॉल्व्हर पुसत बसायचे, आम्हा पोरांना खोलीबाहेर काढून.