कृष्णाकाठची सांगली : हळदीची, नाटकांची आणि पुराची

मैत्रिणींनो, आष्ट्याच्या बाईला "कुठं निघालीस?" म्हणून विचारलं आणि ती नुसतं "गावात" म्हणाली, तर समजावं आष्ट्याची पेठ. पण "बाजाराला" म्हणाली, तर मात्र सांगली! लग्नाचा बस्ता, दागिन्यांची घडणावळ, मोठ्या डॉक्टरांची वेळ, मुलांचं कॉलेज, सगळ्याला सांगलीच. तुंग, कसबे डिग्रज, सांगलीवाडी असं करत एस.टी. तासाभराच्या आत तिथं पोचते. दोन्ही बाजूंनी ऊस, मधूनमधून हळदीची हिरवीगार पानं, आणि शेवटी कृष्णेवरचा पूल. इतक्या वेळा आपण तिथं जातो, पण पिशव्या भरल्या की परत फिरतो. या खेपेला जरा सवड काढून गाव बघू या, चला.

सांगली तशी काही फार प्राचीन राजधानी नव्हे. जवळचं मिरज तिच्याहून कितीतरी जुनं. पेशवाईत मिरजेची जहागीर पटवर्धनांकडे होती. पुढं घरात वाटण्या झाल्या. भाऊबंदकी काय, मोठ्या वाड्यांतही आपल्या घरांसारखीच! चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेतून वेगळे झाले आणि १८०१ साली त्यांनी कृष्णेकाठच्या सांगलीत आपली राजधानी केली. गणेशदुर्ग बांधला, पेठा वसवल्या, नदीकाठी कुलदैवत गणपतीचं काळ्या पाषाणाचं देऊळ उभं केलं. वेगळं बिऱ्हाड थाटलं की आपण आधी देवघर मांडतो ना, तसंच हे.

त्या देवळाची एक गंमत तुम्हांला ठाऊक आहे का? आपल्या घरी गणपती चतुर्थीला येतो. इथं मात्र भाद्रपद प्रतिपदेलाच एक गणपती गाजावाजा न करता गुपचूप येऊन बसतो. त्याला 'चोर गणपती' म्हणतात. वाजतगाजत येणारा संस्थानचा गणपती मागाहून. दर्शनाला जायचं असेल, तर गर्दीआधीचे हे दिवस बरे.

याच आप्पासाहेबांच्या दरबारी विष्णुदास भावे होते. तरुणपणी बाहुल्या करण्याचा त्यांना भारी नाद. १८४२ साली कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत खेळ करायला आली. तो खेळ पाहून आप्पासाहेबांना वाटलं, असं काही आपल्या मराठीत का नसावं? त्यांनी भाव्यांना ते काम सांगितलं, आणि १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' उभं राहिलं. म्हणून तर ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. दरवर्षी त्या दिवशी भाव्यांच्या नावाचं गौरवपदक सांगलीतच दिलं जातं. १८५१ साली आप्पासाहेब गेले आणि राजाश्रय सुटला. भाव्यांनी हाय खाल्ली नाही. मंडळी घेऊन ते गावोगाव निघाले आणि १८५३ साली मुंबईला खेळ केले. तिकीट काढून नाटक बघायची आपली हौस तिथून पुढची!

सांगलीला लागूनच हरिपूर आहे. तिथं वारणा कृष्णेला मिळते आणि संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे. श्रावणी सोमवारी सवाष्णींची नुसती रीघ लागते. या हरिपुरात गोविंद बल्लाळ देवल जन्मले. पैशाच्या लोभानं कोवळ्या मुलीची म्हाताऱ्याशी लग्नगाठ घालणाऱ्यांना त्यांनी 'शारदा' नाटकात उभं आडवं घेतलं. ते साल १८९९. मुलींच्या लग्नाचं वय ठरवणारा शारदा कायदा आला १९२९ मध्ये. त्याचं नाव हरबिलास सारडा यांच्यावरून पडलं, नाटकावरून नव्हे. पण आपल्या मराठी घरांत ते नाव त्याआधीच तीस वर्षं माहितीचं होतं. संगमावर हात जोडाल तेव्हा या लेखकाचीही आठवण ठेवा. आपल्या आज्या-पणज्यांची बाजू त्यानं भर मंचावर मांडली.

आता हळद. सांगलीची हळदपेठ देशात नावाजलेली. फक्त आपल्या भागातली नव्हे, तर मराठवाड्यातून आणि पार तेलंगणातूनही हळद इथं विक्रीला येते. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पूर्वी ही हळद हरिपूरच्या पेवांत ठेवत. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं, वर तोंड लहान आणि आत पोट मोठं असं कोठार. तिथली माती अशी घट्ट, की वर्षानुवर्षं आत ओल नाही की कीड नाही. २००५ सालच्या पुरात मात्र यातल्या बऱ्याच पेवांत पाणी शिरलं आणि मालाची माती झाली. मग व्यापाऱ्यांनी गोदामं आणि शीतगृहं धरली.

हळद घेताना एवढं करा. पुडी घेण्यापेक्षा अख्खी हळकुंडं घ्या. मोडताना खटकन आवाज आला पाहिजे आणि आत गडद केशरी रंग दिसला पाहिजे. वरूनच फार पिवळंजर्द चकाकत असेल, तर रंग लावल्याचा संशय धरा आणि पुढच्या दुकानी चला. दळून आणलेली हळद काचेच्या कोरड्या बरणीत ठेवा. येताना कृष्णाकाठची वांगी आणि पोरांसाठी भडंग विसरू नका, नाहीतर दारातच रुसवे.

पण मैत्रिणींनो, वांग्याला गोडी देणारी जी नदी, तीच पेवं बुडवणारी. पुलावर क्षणभर थांबून खाली बघा. हा आयर्विन पूल १९२९ सालचा. पावसाळ्यात सगळ्या जिल्ह्याचे डोळे त्याच्याकडे लागलेले असतात. इथं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेलं. पलूसकडे ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली नाव उलटली, बायका-मुलं बुडाली. २०२१ च्या जुलैत पाण्यानं पुन्हा पन्नाशी ओलांडली.

असं का होतं, तेही समजून घेऊ. कोयनेचं पाणी कऱ्हाडला कृष्णेत येतं. ते सांगलीशी पोचतं न पोचतं, तोच खाली हरिपूरला वारणा भरून आलेली असते आणि त्याच्याही खाली नरसोबावाडीला पंचगंगा. मोरीत एकदम चार बादल्या ओतल्या, तर पाणी मागे फिरून उंबऱ्याशी येतं, तसा हा फुगवटा. त्यातून उतार कमी. म्हणून सांगलीचं पाणी चढतं तेव्हा लवकर ओसरत नाही. धरणांतून पाणी कधी आणि किती सोडायचं, खाली अलमट्टीत किती अडवायचं, यावर मोठमोठे वाद झाले. पण ओढे-नाले बुजवून, नदीच्या हक्काच्या जागेत आपण घरं बांधली, हे कोणाला नाकारता येणार नाही.

पूर ओसरला की सत्कार होतात, पंचनामे होतात. चिखल मात्र बायकाच काढतात. भिजलेल्या गाद्या, कुजलेलं धान्य, फुगलेली कपाटं, मुलांची वह्या-पुस्तकं, लग्नातले फोटो. मदतीच्या यादीत हे सगळं कधी बसत नाही.

म्हणून एक व्यवहाराचं सांगते. सांगलीत लेकीसाठी स्थळ बघताना किंवा मुलासाठी घर घेताना दिशा बघता, हवा-उजेड बघता, तसंच शेजारच्या काकूंना विचारा, "एकोणीसला तुमच्याकडं पाणी कुठवर आलं होतं?" त्या हात वर करून भिंतीवर दाखवतील. त्या खुणेवर विश्वास ठेवा. बिल्डरच्या रंगीत कागदावर ती नसते. आणि तिथं राहतच असाल, तर कागदपत्रं, औषधं आणि दागिने एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आषाढ लागताच उंच फडताळात ठेवा.

नदीनं या गावाला शेत दिलं, देऊळ दिलं, वैभव दिलं. तिला आपण आई म्हणतो. मग आईच्या खोलीत सामान भरताना तिलाही पाय पसरायला जागा ठेवायला नको का?