हेडर पोराचा, शिट्टी पोराची

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय पैलवान,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. तालमीच्या बारक्या पोरांची फुटबॉलची प्रॅक्टिस घ्यायला लागलास, झकास काम केलंस. वर विचारलंस, "तिकडं पोरांना हेड मारायला बंदी आहे म्हणे, खरं काय?" खरं आहे भावा. पण एका मैदानावर खरं, शेजारच्या मैदानावर निम्मं खरं.

झालं असं. २०१४ साली काही पालकांनी आणि खेळाडूंनी कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टात फिफा, यूएस सॉकर आणि इथल्या मोठ्या युवा संघटनांवर दावा लावला. पोरांच्या डोक्याला मार बसतो आणि तुम्ही नियम करत नाही, ही तक्रार. नोव्हेंबर २०१५ मध्ये तडजोड झाली आणि यूएस सॉकरनं जाहीर केलं: १० वर्षांपर्यंतच्या मुलांनी हेड मारायचा नाही, सामन्यात नाही आणि सरावातही नाही. ११ ते १३ वयाच्यांनी सरावात मोजूनच मारायचा. गंमत पुढं आहे. हे सक्तीचं केलं कुणाला? त्यांच्या स्वतःच्या युवा राष्ट्रीय संघांना आणि अकॅडमीला. बाकी सगळ्या देशाला शिफारस! आता राष्ट्रीय संघात १० वर्षांचं पोरगं कुठून येणार, तूच सांग.

शिफारस बहुतेकांनी उचलली, पण ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं. सामन्यात जाणूनबुजून हेड मारला, तर समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक. बॉल येऊन डोक्यावर आदळला, तर खेळ चालू. 'जाणूनबुजून' कसं ठरवायचं? ते ठरवणारा रेफरी बऱ्याचदा स्वतःच तेरा-चौदा वर्षांचा असतो, शनिवारी चार पैसे कमवायला आलेला. त्यानं शिट्टी मारली की एका बाजूचे आईबाप ओरडतात, नाही मारली की दुसऱ्या बाजूचे. ते लेकरू दोन-तीन सामन्यांत शहाणं होतं आणि शिट्टी खिशात ठेवतं.

त्यात वयाचा घोळ. नियम पोराच्या वयाचा, शिट्टी मात्र संघाच्या गटावर वाजते. आमची धाकटी १० वर्षांची, पण खेळते थोरल्यांच्या बाराच्या गटात. तिथं हेडर चालतो. तिच्या जर्सीवर जन्मतारीख छापलेली नाही, मग रेफरीनं ओळखायचं कसं? म्हणजे ज्या डोक्यासाठी नियम केला, तेच डोकं नियमाबाहेर. सुट्टीतल्या टूर्नामेंटला गेलो की आणखी वेगळं: सकाळच्या सामन्यात फ्री किक, दुपारच्या सामन्यात तसल्याच हेडरनं गोल, आणि टाळ्या.

पण भावा, सामन्यातल्या शिट्टीवर भांडण्यात आम्ही सगळे नको तिथं बघतोय असं मला वाटतं. सामन्यात एका पोराच्या वाट्याला हेडर येऊन येऊन किती येणार? बॉल हातानं फेकून रांगेतल्या प्रत्येकाला ओळीनं हेड मारायला लावायचं काम होतं ते मंगळवारच्या सरावात, आणि तिथं ना रेफरी असतो ना पालक. एका कोचला मी विचारलं, तर म्हणाला, "बारा झाल्यावर एकदम कसं येणार? आत्ताच थोडं थोडं शिकवतो." बोलणं अगदीच चुकीचं नाही. उडी कधी मारायची, मान कशी ताठ ठेवायची, हे शिकावं लागतंच. २०१५ मध्येच इथल्या हायस्कूल खेळाडूंवरचा एक अभ्यास आला होता. हेड मारताना होणाऱ्या कन्कशनचं, म्हणजे मेंदूला बसणाऱ्या धक्क्याचं, मुख्य कारण बॉल नव्हे, तर दुसऱ्या खेळाडूशी होणारी टक्कर, असं त्यात निघालं. पण उडीचा अंदाज फुग्यावर किंवा स्पंजच्या बॉलवरही शिकवता येतो. त्यासाठी खऱ्या बॉलचे दणके कशाला?

इंग्लंडनं उलट्या टोकानं सुरुवात केली. ग्लासगोच्या विली स्टुअर्ट यांच्या संशोधनात २०१९ मध्ये दिसलं, की स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचं मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण इतरांच्या साडेतीन पट आहे. लगेच २०२० मध्ये इंग्लंडनं प्राथमिक शाळेच्या वयाच्या पोरांचा सरावातला हेडर बंद करायला सांगितलं. सामन्याची पाळी नंतर आली: २०२४-२५ च्या मोसमात ९ पर्यंतचे गट, आणि मग दर मोसमाला एकेक गट वर. कोचला आधी धरलं आणि रेफरीला नंतर, हे मला पटलं.

आता तुझ्याकडं येतो. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर आपण हेडरच्या गोलाला किती बोंबललोय, ते मी विसरलेलो नाही, आणि मोठ्यांच्या खेळातून हेडर जावा असंही मला वाटत नाही. पण तुझ्या हाताखाली आठ-दहा वर्षांची पोरं आहेत आणि तिथं तुला नियम लावणारं कुणी नाही. म्हणजे नियम तूच. इथं फेडरेशन, राज्य संघटना, लीग आणि क्लब अशा चार मजल्यांतून खाली येता येता जो पातळ होतो, तो तू एका सकाळी घट्ट लावू शकतोस: दहापर्यंतच्यांना हेड नाही, मोठ्यांच्या हेडरचा आठवड्याचा आकडा वहीत. पोरांचे बाप कुरकुरतील, तर माझं नाव सांग.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. यंदाच्या लीगचं सगळं सविस्तर कळव.

तुझा,
न्यू जर्सीकर