खरवडून आणलेली चमक

जुन्या गाडीच्या बॉनेटवरून हात फिरवत माणसं पहिला प्रश्न विचारतात तो ठरलेला असतो: "नवी कोरी दिसेल ना?" माझा धंदा डिटेलिंगचा आणि नाद जुन्या गाड्या जमवण्याचा, त्यामुळे या प्रश्नाला माझ्या पोटात दोन उत्तरं तयार असतात. धंदा म्हणतो, का नाही दिसणार! नाद म्हणतो, कशाला दिसायला हवी? दोघांचं भांडण बरीच वर्षं ऐकल्यावर माझं मत आता नादाच्या बाजूनं पक्कं झालं आहे. जुन्या गाडीवर काम करणाऱ्या डिटेलरनं मूळ रंग किती शिल्लक ठेवला, यावरून त्याचं कसब मोजावं. चमकेचं त्यानंतर बघू. हे धंद्याच्या मुळावर येणारं बोलणं आहे असं कोणी म्हणेल, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. त्याकडे शेवटी येतोच.

पॉलिशनं चमक "येते" असं आपण म्हणतो. खरं तर येत काहीच नाही, जे होतं त्यातलं थोडं जातं. ओरखडा म्हणजे रंगात पडलेली चर. ती भरून निघत नाही. तिच्या आजूबाजूचा रंग घासत घासत चरीच्या तळापर्यंत खाली आणला की चर दिसेनाशी होते आणि प्रकाश सरळ परत फिरतो, एवढाच काय तो चमत्कार. आता घासायला शिल्लक किती असते ते पाहा. आजच्या गाडीवर प्रायमरपासून क्लिअरकोटपर्यंतचा सगळा थर साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याचे दोन केस एकावर एक ठेवले तर होईल तेवढा. त्यातला क्लिअरकोट ३५ ते ५० मायक्रॉन. जुन्या फियाट-अँबेसिडरवर तर ही पारदर्शक ढालही नाही, जो रंग दिसतो तोच सगळ्यात वरचा थर. लाल फियाटवर पांढरा पॅड चालवला की मिनिटाभरात तो गुलाबी होतो, मग लालभडक. गिऱ्हाईक समोर असेल तर त्याला वाटतं मळ निघतोय. वरवरची मेलेली, पिठूळ झालेली पापुद्र्याएवढी परत निघेपर्यंत ते खरंही असतं. त्यापुढे पॅडवर उतरते ती गाडी. कडांवर, बॉनेटच्या मधल्या धारेवर, दाराच्या हँडलभोवती रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि मशीनचा दाब नेमका तिथंच जास्त पडतो. म्हणून आधी तिथं करडा प्रायमर डोकावतो. बंपरच्या क्रोमची गोष्ट याहून नाजूक. तांबं आणि निकेल यांच्यावर चढवलेलं क्रोम मायक्रॉनच्याही काही अंशांएवढंच असतं, आणि आपण मात्र त्यावर पितळ घासायची पेस्ट रगडतो.

या सगळ्याला आपल्याकडचा एक जुना शब्द चपखल लागू पडतो: कल्हई. भांड्याला कल्हई लावतात ती झिजण्यासाठीच. झिजली की पुन्हा लावायची, भांडं तेच राहतं. गाडीवरचं मेण ही कल्हई आहे. रबिंग कंपाउंड म्हणजे भांडंच घासणं. सोसायटीतली गाडी रोज सकाळी धुतली जाते ती एका बादलीत, एका फडक्यानं, आठ-दहा गाड्यांची धूळ त्याच पाण्यात कालवून. धुणाऱ्याला दोष देत नाही, महिन्याला हातावर टेकवल्या जाणाऱ्या पैशांत दुसरं काय होणार. पण त्या फडक्यातल्या वाळूनं उन्हात दिसणारी कोळिष्टकं पडतात, ती काढायला कंपाउंड येतं आणि दोन महिन्यांनी फडकं पुन्हा आपलं काम सुरू करतं. दर फेरीत रंग थोडा कमी. पाण्याच्या दोन बादल्या, साधा सौम्य शाम्पू आणि स्वच्छ मायक्रोफायबर एवढ्यानं हे चक्र थांबतं, पण त्यात चमत्कार दिसत नाही, म्हणून त्याचे पैसे कोणी देत नाही.

एवढा जीव का टाकायचा रंगासाठी? कारण गाडी कधी, कुठं, कशी बनली आणि नंतर कशी जगली याचा दुसरा कागद बहुतेक गाड्यांजवळ नसतो. १९२४ च्या मॉडेलच्या ओकलंड गाड्यांवर जनरल मोटर्सनं ड्यूपाँट कंपनीचा ड्यूको हा नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरला. त्याआधी ब्रशनं चढवलेली व्हार्निश वाळायला दिवसच्या दिवस, आठवडेही जात. ड्यूको तासांत वाळला आणि गाड्यांचे कारखाने वेगानं चालू लागले. आपले रंगारी आणि फर्निचरवाले आजही "ड्यूको मारला" म्हणतात ते त्याच नावाचं शिल्लक राहिलेलं नाणं. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि पत्र्यावर पाहणं वेगळं. अनेकदा रंगवलेल्या पद्मिनीच्या दारावर रुपयाएवढ्या जागेत बारीक वॉटर पेपर फिरवला की झाडाच्या खोडासारखी वलयं उमटतात: वर हल्लीचा पांढरा, त्याखाली निळसर, मग काळा, मग प्रायमर, मधोमध पत्रा. तो काळा थर म्हणजे गाडी कधीकाळी टॅक्सी असल्याची शक्यता. मग टपाच्या आतल्या कडेला पिवळा सापडतो का ते बघायचं. (मास्क लावून, पाणी मारत. जुन्या पिवळ्या-लाल रंगांत शिशाची संयुगं असायची.) मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा संपताच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, गल्लोगल्ली दिसणारी ही गाडी. ती दुर्मीळ होईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, म्हणून तिचा मूळ रंग कुणी जपला नाही. उद्या अशी एखादी टॅक्सी घेऊन तिला हौसेनं एकरंगी "मूळ रूप" दिलं, तर ते रूप त्या गाडीला कधी नव्हतंच.

पहिला आक्षेप गंजाचा. रंग पत्र्याच्या रक्षणासाठी असतो, संग्रहालयासाठी नव्हे. मुंबई-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत जुना रंग कुरवाळत बसलात तर एक दिवस हातात नुसता रंगच उरेल, असं लोक म्हणतात. काळजी रास्त आहे, निदान चुकतं. जुन्या गाड्यांत गंज बहुतेकदा आतून बाहेर येतो. दारांच्या तळाशी पाणी निघून जायची भोकं असतात, ती चिखलानं बुजतात. पाणी आत साठतं, पत्रा आतून कुजतो आणि बाहेर फुगा दिसतो तेव्हा वेळ गेलेली असते. त्या फुग्यावर पुट्टी भरून झकास रंग मारला की गंज अंधारात निवांत वाढतो. चुंबक कागदात गुंडाळून पत्र्यावर सरकवा, पुट्टी असेल तिथं तो पकड सोडतो. म्हणून भोकं मोकळी करा, दारांच्या आणि सिलच्या पोकळीत मेणाचा फवारा मारा, प्लास्टिकचं आवरण काढून हवा खेळती ठेवा. जिथं पत्रा खरोखर गेलाय तिथं तेवढाच कापून नवा जोडा आणि तेवढंच रंगवा. एका दाराच्या तळासाठी अख्खी गाडी सोलणं म्हणजे दाढ दुखते म्हणून बत्तीशी उपटणं.

दुसरा आक्षेप मला जास्त जड जातो. मूळ रंगाचं हे वेड परदेशी श्रीमंतांचं. आपल्याकडे गाडी म्हणजे कामाची वस्तू, दसऱ्याला झेंडू, लग्नाला नवा रंग. संस्थानिकांनी आपल्या गाड्या हव्या तशा रंगवल्या, टॅक्सीवाल्यानं परवडेल तशा. मग "मूळ" कशाला म्हणायचं? हा मुद्दा मी अर्ध्याहून अधिक मान्य करतो. माझं म्हणणं कारखान्यातल्या पहिल्या दिवसाची पूजा करा असं नाही. २०२४ साली कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या स्पर्धेत १९३४ ची बुगाटी टाइप ५९ सर्वोत्कृष्ट ठरली. जीर्णोद्धार न केलेल्या गाडीला तिथं तो मान मिळण्याची ही पहिलीच वेळ. पण तिच्या अंगावरचा काळा रंग आणि पिवळी पट्टी पहिल्या दिवसाची नाही. शर्यतींत धावून झाल्यावर ती बेल्जियमच्या तिसऱ्या लिओपोल्ड राजाकडे गेली तेव्हाची ही रंगसंगती आहे. नंतर कुणी ती खरवडून आधीचा रंग "परत" आणला नाही, यातच तिचं मोल. आपल्या टॅक्सीवाल्याच्या हातच्या रंगाला मी तोच मान देईन. लग्नासाठी मारलेला रंगही इतिहासच. फक्त नवा थर देताना आधीचे सगळे थर पॉलिशपेपरनं नाहीसे करायची गरज नसते, आणि करायचेच असतील तर आधी फोटो, नोंद आणि कुठंतरी एक न घासलेला तुकडा तरी ठेवावा.

कायद्याकडून यात फार मदत नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांना व्हिंटेजचा दर्जा आणि "व्हीए" अक्षरांची वेगळी पाटी दिली. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल नको. रंगाचा त्या अटीत उल्लेख नाही. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं, म्हणजे त्या नावाच्या पहिल्या गाड्या आता या दर्जाला पात्र होऊ लागल्या आहेत आणि पाटी मिळण्याच्या आनंदात त्यांच्यावर आधी रंगाचा हातच फिरणार, ही माझी भीती.

राहिला प्रश्न पैशांचा, आणि तिथं मी स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देतो. डिटेलरची कमाई घासण्यात आहे. तीन टप्प्यांचं पॉलिश आणि वर सिरॅमिक कोटिंग यांचं बिल मोठं होतं, आणि कोटिंग खाली बसण्याआधी ओरखडे घासून काढावेच लागतात, नाहीतर तेच काचेखाली जपले जातात. हातानं तेलकट पॉलिश चोळून, मेण लावून परत दिलेल्या गाडीचं बिल त्याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि मालक नाराज होतो तो वेगळाच. त्याची नाराजी मी खोटी मानत नाही. गाडी त्याची, पैसा त्याचा. पण क्लिअरकोट असलेल्या नव्या गाडीला जे चालतं ते त्याला जुन्या गाडीवर विकायचं आणि रंगाची जाडी मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा दाखवायचा नाही, ही लबाडी आहे. म्हणून गाडी आत घेतली की आधी मी पेंट मीटर लावून प्रत्येक पत्र्याचे आकडे खडूनं काचेवर लिहितो, मालकाला ते वाचून दाखवतो आणि डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, कुणी बघत नाही अशा जागी, चार बोटं रुंदीचा एक पट्टा टेपखाली झाकून ठेवतो. त्या पट्ट्याचे मी वेगळे पैसे लावतो. बिलावर त्याला काय नाव द्यावं हे अजून नीट सुचलेलं नाही, तूर्तास "तपासणी" असं लिहितो.