युद्ध चालू असताना कोर्टाने गप्प बसावे?

लढाईच्या दिवसांत सरकारला जाब विचारणारा माणूस मला कायम संशयास्पद वाटे. धुळे जिल्ह्यातल्या आमच्या नरडाण्यातून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. त्यावरून लष्कराचा ताफा निघाला की हातातले काम टाकून आम्ही बघत उभे राहायचो. टपरीवर वाद झाला तर माझे म्हणणे ठरलेले: आधी सीमा सांभाळू द्या, घटना-बिटना नंतर. मे २०२५च्या भारत-पाक संघर्षातही मी हेच बोलत होतो.

माझे मत फिरवले ते एका जुन्या निकालाने. चीनच्या हल्ल्यानंतर २६ ऑक्टोबर १९६२ला आणीबाणी जाहीर झाली. लढाई महिन्याभरात थांबली; आणीबाणी जानेवारी १९६८पर्यंत चालली. त्या काळात महाराष्ट्र सरकारने कम्युनिस्ट नेते प्रभाकर संझगिरी यांना स्थानबद्ध केले. तुरुंगात त्यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिले. हस्तलिखित छापायला बाहेर पाठवू द्या, एवढेच त्यांचे मागणे. सरकार नाही म्हणाले. मुंबई उच्च न्यायालयात हरले, तरी दिल्लीला अपिलात गेले.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला ६ सप्टेंबर १९६५ला. त्याच दिवशी आपल्या फौजा लाहोरच्या दिशेने सरहद्द ओलांडत होत्या. न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळले: स्थानबद्धावर नियमात लिहिलेलीच बंधने घालता येतात, आणि पुस्तक बाहेर पाठवायला मनाई करणारा नियमच नव्हता. मूलभूत हक्कांसाठी कोर्टात जायला तेव्हा बंदी होती, पण सरकार कायद्यात राहून वागले असेल तरच. नियम सोडला की ते संरक्षणही गेले.

१९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्या लिखाणाचा अभिमान आम्ही खानदेशी मिरवतो. संझगिरींची वही अडवली तेव्हा मात्र मी ‘लढाई आहे’ म्हणून मान डोलावली असती. हे स्वतःशी कबूल करणे जड गेले.

ब्लॅकआउट, सैन्याच्या हालचालींची गुप्तता यांना माझी आजही हरकत नाही. पण १९७६मध्ये जबलपूर खटल्यात, आणीबाणीत स्थानबद्धांना सुटकेसाठी कोर्टात जाता येत नाही असे म्हणत, याच न्यायालयाने सरकारपुढे हात टेकले, हेही विसरता येत नाही. म्हणून तर १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने ठरवले, की जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्कासाठी कोर्टात जाण्याची वाट आणीबाणीतही बंद करता येणार नाही.

आता टपरीवर मी विचारतो: बंदी घाला, पण कोणत्या नियमाखाली? आणि अणूवरचे पुस्तक अडवून लाहोरच्या आघाडीवरच्या जवानाला कोणती मदत होणार होती?