तरंग आणि तरंगिका

गुंतागुंतीच्या वस्तूचे सोपे घटक करून पाहावे, ही बुद्धीची जुनी खोड आहे. वैयाकरण शब्दांतील धातु व प्रत्यय शोधतो; गणिती लहरींतील घटक शोधतो. फ्रेंच पंडित जोसेफ फूरिए यानें १८०७ सालीं उष्णतेचा विचार करतां करतां असें प्रतिपादिलें कीं, वेडीवांकडी लहरहि अनेक नियमित लहरींची बेरीज होय. तंबोऱ्याच्या नादांत कोणते स्वर किती प्रमाणांत मिसळले आहेत, हें या रीतीनें नेमकें कळतें.

परंतु फूरिएच्या लहरी अनादि व अनंत! भजन चालूं असतां दार धाडकन् आपटलें, तर त्या क्षणिक आवाजासाठीं असंख्य लहरी खर्ची पडतात. दार केव्हां आपटलें, ही माहिती नष्ट होत नाहीं. पण सर्व लहरींत विखुरल्यामुळें सहज वाचतां येत नाहीं.

तरंगिका मात्र इवलीशी. उठते आणि लगेच मावळते. आल्फ्रेड हार या हंगेरियन गणित्यानें १९१० सालीं प्रसिद्ध केलेली रीत शाळकरी मुलासहि समजेल. ८, ६, ३, ३ हे आंकडे घ्या. जोड्यांची सरासरी ७ व ३. सरासरीपासूनचें अंतर १ व ०. पुन्हां ७ व ३ यांची सरासरी ५, अंतर २. आतां ५, २, १, ० एवढ्यावरून मूळ चारहि आंकडे परत मिळतात. शून्य म्हणजे तेथें नवें कांहीं नाहीं, आणि १ हा बदल पहिल्या जोडींतलाच, हें त्याच्या जागेवरूनच कळतें. सुट्या आंकड्यांचें हें तरंगिका-रूपांतर होय. इन्ग्रिड डोबेशी या विदुषीनें १९८८ सालीं याहून सफाईदार तरंगिका रचल्या.

हा केवळ पंडितांचा विनोद नव्हे. अमेरिकेच्या एफ्. बी. आय. या तपासखात्यास बोटांचे असंख्य ठसे थोड्या जागेंत सांठवावयाचे होते. जेपेग ही फूरिएच्या घराण्यांतील रीत चित्राचे लहान चौकोन पाडते. फार दाबल्यास त्यांच्या कडा दिसूं लागतात. ठशाच्या बारीक रेषांत अशी खोटी रेघ उमटली, तर एखाद्याच्या स्वातंत्र्यावरच बेतावयाचें! म्हणून १९९३ सालीं त्या खात्यानें तरंगिका पत्करली; तिनें ठसा सुमारें पंधरापट आटोपशीर होतो.

तथापि तरंगिका श्रेष्ठ, असा निवाडा आम्ही देणार नाहीं. क्षण जितका नेमका पकडावा, तितका स्वर निसटतो; दोन्ही पुरतेपणीं कोणासच साधत नाहींत. येथें अधिकारभेदच खरा: अखंड नादास फूरिए, अवचित घटनेस तरंगिका. प्रश्न ओळखून साधन निवडावें, हेंच शहाणपण होय.