आडनाव न विचारणारी सभा

आज सायंकाळी डोंबिवली स्थानकावरील गर्दीतून वाट काढीत मद्यमुक्तीच्या एका सभेस गेलो, तेव्हा दाराशी ना अर्ज मागितला गेला, ना दाखला, ना आडनाव. पिणे सोडण्याची इच्छा एवढीच काय ती पात्रता. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन नगरीत बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोघा मद्यासक्तांच्या भेटीतून उद्भवलेला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा हा परिपाठ मला अत्यावश्यक वाटतो, कारण इस्पितळातील उपचारांची मुदत संपते, परंतु कल्याण लोकलमधून उतरल्यावर घराच्या वाटेवरील गुत्ता जागचा हललेला नसतो. थरथरत्या हातांनी चहाचा पेला सावरीत एक वृद्ध गृहस्थ ‘आजचा दिवस घेतली नाही’ एवढेच बोलले. ज्यांच्या घरी हे दुःख असेल, त्यांनी कुटुंबीयांसाठी भरणाऱ्या अल-अ‍ॅनॉनच्या सभेचीही चौकशी अवश्य करावी.