वीसमुखी फासा

पडद्यावर मराठीची प्राध्यापिका आली की तिच्या खांद्यावर शबनम पिशवी आणि नाकावर घसरलेला चष्मा असायचाच. याची मला आता सवय झाली आहे. परंतु माझ्या एका छंदाची पडद्यावर जी विटंबना चालते, ती मात्र अजून सोसवत नाही. चाळिशी उलटलेल्या संसारी बाईने चारचौघांत ज्याबद्दल बोलू नये, असाच तो छंद आहे. पण दिवाळी अंकात माणसाने थोडे सैल सुटावे अशी आपल्याकडे परवानगी असते, तिचा फायदा घेते.

माझा छंद म्हणजे सोंग घेऊन खेळायचा बैठा खेळ. चार माणसे सतरंजीवर बसतात. एकजण सूत्रधार होतो. बाकीचे कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी शाहीर अशी सोंगे घेतात. सूत्रधार सांगतो, 'समोर लोखंडी दार आहे. पलीकडून कुणीतरी हुंदके देते आहे. आता तुम्ही काय करता?' साऱ्या खेळाचे मर्म या शेवटच्या चार शब्दांत आहे. तुम्ही दार फोडा, कान लावा, नाहीतर घरी परत जा. काम अवघड असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि पडेल ते निमूटपणे सोसायचे. आमच्याकडे हा फासा पहिल्यांदा आला तेव्हा शेजारच्या काकूंनी तो रुद्राक्षासारखा उलटसुलट पाहून, 'कितीमुखी गं हा?' असे विचारले होते. तेव्हापासून आमच्या घरात त्याचे नाव वीसमुखी.

खेळ जन्मला अमेरिकेत, १९७४ साली. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हा या लहानशा गावचे गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटातले डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावाने तो प्रसिद्ध केला. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, किंमत १० डॉलर, पहिली आवृत्ती १००० प्रतींची. त्याचे पूर्वज मात्र चांगलेच रणशूर आहेत. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना युद्ध शिकवण्यासाठी नकाशा, फासे आणि पंच असलेला खेळ सुरू झाला होता. पुढे १९६९ मध्ये मिनेसोटात डेव्हिड वेसली यांनी एक गंमत केली. खेळणाऱ्यांच्या हाती सैन्य न देता प्रत्येकाला एकेक माणूस दिला. त्या खेळात आर्नेसन होते. मला हा क्षण फार मोठा वाटतो. सैन्याच्या जागी एक माणूस आला की त्याला भीती वाटते, लोभ सुटतो, घरची आठवण येते. आणि तेथेच गोष्ट सुरू होते.

आता माझ्या तक्रारी. १९८२ साली अमेरिकेत 'मेझेस अँड मॉन्स्टर्स' नावाचा दूरचित्रवाणीपट निघाला. त्यात तरुण टॉम हँक्स असा खेळ खेळता खेळता भ्रमिष्ट होतो. त्या दशकात तिकडच्या पुष्कळ आईबापांनी हा खेळ सैतानाचा म्हणून धसकाच घेतला होता. मला सांगा, दशावतारात रावण झालेला नट पहाटे चहा पिताना कधी कुणाला सीता मागतो का? उलट त्या नटाचे आणि आमचे नाते अगदी जवळचे. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. प्रसंग ठाऊक असतो आणि बोलणे उभ्या उभ्या सुचते. आम्ही तेच बसून करतो, एवढाच फरक.

दुसरी तक्रार संगणकावरच्या खेळांबद्दल. तेही स्वतःला सोंगाचे खेळ म्हणवतात. राक्षस समोर येतो आणि खाली तीन वाक्ये उमटतात. त्यातले एक निवडा! मला चौथे वाक्य बोलायचे असते. ते तिथे नसते. हा खेळ नव्हे, ही बहुपर्यायी प्रश्नपत्रिका झाली, आणि त्या मी कॉलेजात हव्या तितक्या तपासते. २०१५ पासून तिकडचे काही व्यावसायिक आवाजी कलाकार आपला खेळ जाहीर खेळून दाखवतात. ते सुरेख खेळतात, यात शंका नाही. पण त्यांना पाहून नवी माणसे 'आम्हाला असा आवाज काढता येत नाही' म्हणून खेळायलाच बिचकतात. भजनाला बसणाऱ्याने आधी संगीत विशारद व्हावे, तशातली गत. २०२३ च्या चित्रपटाला मात्र मी माफ केले आहे. त्यातल्या चोरांचे सगळे बेत फसतात आणि मग ते ऐनवेळी काहीतरी जुळवतात. आमच्या सतरंजीवर दुसरे काय घडते?

आमच्या घरी सूत्रधार माझा मुलगा. आमचे हे योद्धा; बँकेत असल्यामुळे दार फोडण्यापूर्वी नियमांचे पुस्तक दोनदा वाचतात. मी अर्थातच शाहीर. चौथी जागा रिकामी होती. सासूबाई शेजारी गवार मोडत बसायच्या. एका रविवारी मुलाने त्यांना विचारले, 'आजी, तू चोर होतेस का?' त्यांनी टोपली बाजूला ठेवली.

पहिले दोन रविवार त्या बोलल्याच नाहीत. 'आता तू काय करतेस?' असे विचारले की त्या यांच्याकडे पाहायच्या. 'मी काय करणार? तुम्ही जाल तिकडे येते.' अठ्ठ्याहत्तर वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला होता, असे मला वाटत नाही. शाळा सुटली ती वडील म्हणाले म्हणून, पुणे धरले ते सासरे म्हणाले म्हणून, आणि आमच्याकडे आल्या त्या आम्ही म्हटले म्हणून.

श्रावणात आम्ही एका भुयारात अडकलो. लोखंडी फाटक आतून कळ दाबून धरल्याशिवाय उघडे राहत नव्हते आणि मागून गिधाडतोंडे राक्षस येत होते. हे पुस्तक चाळू लागले. सासूबाई म्हणाल्या, 'तुम्ही व्हा पुढे. मी कळ धरते.'

'आई, काहीतरी मार्ग काढू ना.'

'मी विचारलेलं नाही रे. सांगितलं.'

आम्ही बाहेर पडलो. फाटक कोसळले. चोराला बाण लागून तो पडला. अशा वेळी नियम असा की फासा टाकत जायचा. दहा किंवा त्याहून जास्त तीनदा पडले तर जीव तगतो, कमी तीनदा पडले तर संपला. चौदा पडले. मग आठ. मग अकरा. मग तीन. मुलगा म्हणाला, 'आजी, हवं तर हा शेवटचा आपण...' त्यांनी त्याला हातानेच गप्प केले आणि वीसमुखी टाकला.

सात.

कुणी काही बोलेना. ह्यांनी चष्मा पुसला. सासूबाईंनी आपला कागद नीट घडी घालून पानाच्या डब्याखाली ठेवला.

'मेली तर मेली,' त्या म्हणाल्या. 'कुणाच्या सांगण्यावरून नाही ना गेली!'

त्या रात्री त्यांनी नातवाकडून नवा कागद मागून घेतला आहे. आता त्यांना जादूगारीण व्हायचे आहे. चोरीत, त्यांच्या मते, काही राम राहिलेला नाही. भाऊबिजेला धाकटा दीर येणार आहे. त्यालाही बसवायचे ठरले आहे. फक्त त्याने कोणते सोंग घ्यावे, यावरून मायलेकांचे सध्या वाजले आहे.